नवी स्पोर्ट्स कार ठाणे-नवी मुंबईत चालवताना: ब्लाइंड स्पॉट कमी कसे करायचे

स्पोर्ट्स कार घरी आली की दोन-चार दिवसांतच एक गोष्ट जाणवते. आधीच्या हॅचबॅकमध्ये मान वळवली की मागचा रस्ता दिसायचा. इथे खांद्यावरून पाहिलं तर काचेच्या जागी छप्पर पेलणारा खांब, छपराचा उतार आणि सीटची उशी दिसते. घोडबंदर रोडवर मानपाड्याला डावीकडे सरकायचं असतं, आरसा मोकळा दिसतो, इंडिकेटर देऊन गाडी जराशी झुकवली की डाव्या खिडकीपाशी हॉर्न वाजतो. तिथे स्कूटर असते, आणि ती गेले काही सेकंद तिथेच होती.

नवी घेतलेली असो की सेकंड हँड, कूपे (दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी) असो की छप्पर उघडणारी, अशा गाडीत पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी सांगितल्या आहेत, खर्चाच्या नंतर. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशातही नाही आणि नजरेतही येत नाही त्या जागेचा, बराचसा भाग सीट, आरसे आणि मान एवढ्यातच मिटतो. ते नीट केल्याशिवाय विकत आणलेल्या वस्तूंचा फारसा उपयोग होत नाही.

गाडीतून कमी का दिसतं

स्विफ्टची उंची साधारण दीड मीटर. पोर्शे ९११ ची साधारण १.३ मीटर आणि लॅम्बोर्गिनी हुराकानची १.१६५ मीटर. छप्पर खाली आलं की सीट खाली येते आणि तुमचे डोळेही. त्यात मागचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, रुंद आणि फुगीर, मागची काच झोपलेली. इंजिन सीटच्या मागे असेल तर ती काच आणखी लहान. गाडी उलटली तरी छप्पर टिकावं म्हणून खांब जाड करतात, आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅगही तिथेच बसवतात. कापडी छपराच्या गाडीत छप्पर बंद असताना मागचे दोन्ही कोपरे जवळजवळ पूर्ण झाकले जातात.

यातलं काहीच बदलता येत नाही. बदलता येते ती तुमची बसण्याची जागा आणि आरशांचा कोन.

आधी सीट, मग बाकी सगळं

नवीन मालक सीट अगदी तळाला नेतो, कारण तसं बसायला छान वाटतं. शहरात तसं बसू नका. डोकं आणि छप्पर यांच्यात बंद मूठ उभी मावेल इथपर्यंत सीट वर घ्या. दोन-तीन सेंटिमीटरने काय होणार असं वाटतं, पण तेवढ्याने बॉनेटच्या पुढचा रस्ता जवळून दिसू लागतो आणि दाराच्या काचेची खालची कडाही डोळ्यांच्या बरीच खाली जाते.

मग पाठ. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. पाठ फार मागे झुकवली तर डोळे मधल्या खांबाच्या रेषेत जातात आणि खांद्यावरून पाहायला जागाच उरत नाही. खोल बकेट सीटमध्ये तर मानेबरोबर खांदाही थोडा फिरवावा लागतो, म्हणून पट्टा लावल्यावर तेवढं वळता येतं का ते आधीच तपासा.

आरशाला लटकवलेली माळ, मागच्या फळीवरची बॅग, काचेच्या मध्यावर चिकटवलेला मोबाइल होल्डर हे सगळं काढा. डॅशबोर्डवर गणपती असेल तर मूर्ती छोटी असू द्या आणि काचेच्या खालच्या कडेच्या वर येणार नाही अशी बसवा. डॅशकॅम मधल्या आरशाच्या पाठीमागे लपेल असा लावा. जाड काड्यांचा गॉगल घालत असाल तर तो बदला, कारण डोळ्याच्या कोपऱ्यातून जी दुचाकी दिसायला हवी ती नेमकी त्या काडीमागे जाते.

आरसे: बाहेर वळवा, पण आपल्या रस्त्यांप्रमाणे

बहुतेक जण साइड मिररमध्ये आपल्याच गाडीची बाजू ठळक दिसेल असा कोन ठेवतात. मग मधला आरसा आणि दोन्ही बाजूंचे आरसे साधारण तोच मागचा रस्ता दाखवतात आणि शेजारची लेन कुणीच दाखवत नाही. जॉर्ज प्लाट्झर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ साली मांडलेल्या शोधनिबंधात या भूमितीचा उलगडा केला आणि आरसे बाहेर वळवण्याची पद्धत सुचवली. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती अशी करायची.

गाडी सपाट जागी उभी करा. मधल्या आरशात मागची काच पूर्ण बसवा. आता डोकं उजवीकडे खिडकीच्या काचेला टेकेपर्यंत न्या आणि उजवा आरसा बाहेर फिरवत जा. गाडीची बाजू आरशाच्या आतल्या कडेला जेमतेम दिसेल तिथे थांबा. मग डोकं तेवढंच डावीकडे, म्हणजे गाडीच्या मध्यावर न्या आणि डावा आरसा तसाच लावा. सरळ बसलात की दोन्ही आरशांत स्वतःची गाडी दिसणार नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं, पण काही दिवसांत नजर सरावते. आणखी एक फायदा म्हणजे रात्री मागच्या एसयूव्हीचे दिवे साइड मिररमधून थेट डोळ्यांवर येत नाहीत. ठेंगण्या गाडीत बसणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं.

ही पद्धत दोन ठिकाणी जशीच्या तशी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं म्हणजे, मधला आरसा चांगला चालतो हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे. मागच्या काचेतून फक्त इंजिनच्या झाकणाच्या पट्ट्या किंवा मोठा स्पॉयलर दिसत असेल, तर तुमच्या थेट मागची गाडी तिन्ही आरशांतून निसटू शकते. अशा गाडीत आरसे निम्मेच बाहेर वळवा.

दुसरं म्हणजे, आपल्याकडची डावी बाजू. ठाणे-बेलापूर रोडवर घणसोली ते महापे पट्ट्यात संध्याकाळी कंपन्या सुटल्या की दुचाक्या तुमच्या डाव्या दाराला जवळजवळ घासून पुढे जातात. डावा आरसा पूर्ण बाहेर असेल तर मागच्या चाकापाशी चिकटून येणारी अशी बाइक दिसत नाही. म्हणून उजवा आरसा पूर्ण बाहेर आणि डावा थोडा आत ठेवा. सरळ बसल्यावर डाव्या आरशाच्या आतल्या कडेला आपल्या मागच्या फेंडरची बारीक रेघ दिसली पाहिजे. जो कोपरा उरतो त्यासाठी गोल चिकट आरशाचा उपाय पुढे दिला आहे.

आरसे वर-खाली लावताना क्षितिज साधारण मध्यावर ठेवा. सीटची मेमरी असेल तर ही जागा लगेच साठवून ठेवा. गाडी सर्व्हिसिंगहून, व्हॅलेकडून किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून परत आली की निघण्याआधी सीट आणि आरसे तपासा.

खडू, स्कूटर आणि एक मित्र

आरसे लावले म्हणजे ब्लाइंड स्पॉट गेला असं नाही. तो आता कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून घ्या. दोन माणसं, एक स्कूटर, एक खडू आणि रविवार सकाळची रिकामी पार्किंगची जागा एवढं पुरतं.

तुम्ही नेहमीच्या बैठकीत, पट्टा लावून, इंजिन बंद करून बसा. मित्राने स्कूटर बंद ठेवून ढकलत पंधरा-वीस पावलं मागून डाव्या बाजूने यायचं, तुमच्या गाडीपासून हातभर अंतर ठेवून. तुम्ही फक्त आरशात पाहायचं. स्कूटरचा मागचा दिवा आरशातून निसटला की "गेली" म्हणा. तिचं पुढचं चाक जिथे असेल तिथे मित्र खडूने रेघ मारेल. आता नजर समोर ठेवा. स्कूटर आणखी पुढे येईल तशी ती डोळ्याच्या कोपऱ्यात कधीतरी जाणवेल. तेव्हा "दिसली" म्हणा, दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये जेवढी फरशी उरली, तेवढी डावीकडची आंधळी जागा. हेच एका लेनचं अंतर ठेवून करा, मग उजवीकडे करा.

एकेक केस आरसा फिरवत ती जागा आखडता येते. उजवीकडे "दिसली" ची रेघ "गेली" च्या आधी पडायला लागली की तो आरसा बरोबर लागला. डावीकडे बहुतेक गाड्यांत थोडी जागा शिल्लक राहतेच. ती दाराच्या कुठल्या भागासमोर येते ते नीट पाहून ठेवा.

या जागेचा धोका मागून वेगात येणाऱ्या बाइकपेक्षा तुमच्याच वेगाने चालणाऱ्या बाइकमुळे जास्त. तुमच्यापेक्षा ताशी २० किलोमीटर जास्त वेगाने येणारी बाइक सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते, म्हणजे एवढी जागा ती सेकंदभरात ओलांडते. तुमच्याइतक्याच वेगाने चालणारी मात्र वाशीपासून सानपाड्यापर्यंत त्याच जागी राहू शकते. उपाय सोपा आहे. लेन बदलण्याआधी वेग किंचित कमी किंवा जास्त करा. तुमच्या बाजूला कुणी असेल तर त्या फरकाने ते आरशात किंवा खिडकीत येतं.

मान कशी वळवायची

मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, पुन्हा बाजूचा आरसा, झटकन बाजूची नजर, मग गाडी हलवायची. नजर वळवणं एका सेकंदाच्या आत आटोपा. ताशी ६० च्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून अंतर पुरेसं नसेल तर मान वळवूच नका. आधी अंतर वाढवा.

हॅचबॅकमध्ये आपण मागच्या दाराच्या काचेतून पाहतो. कूपेमध्ये ती काच नसते किंवा तळहाताएवढी असते. तिथे अगदी मागे पाहायचा प्रयत्न सोडा आणि पुढच्या डाव्या खिडकीच्या मागच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. खडूच्या नकाशात जी जागा उरली होती ती तिथेच असते. त्याच वेळी छाती स्टिअरिंगकडे वीतभर पुढे न्या. डोळे पुढे गेले की आरशात बाहेरची आणखी थोडी जागा दिसते. या छोट्याशा हालचालीची सवय लावून घेतलीत तर बाकी साधनांवरचा भार बराच कमी होतो.

सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना तिरकं उभं राहिलं की उजवीकडून येणारी वाहनं नेमकी मधल्या खांबामागे जातात. शक्य असेल तिथे गाडीचं नाक जास्त सरळ ठेवून, मुख्य रस्त्याशी काटकोनाच्या जवळ उभे राहा. मग खांबाऐवजी उघड्या खिडकीतून दिसतं. पार्किंगमध्येही हेच तत्त्व. गाडी रिव्हर्समध्ये लावा म्हणजे निघताना नाक पुढे असेल. दोन एसयूव्हींच्या मधून ठेंगणी गाडी उलटी बाहेर काढणं फार त्रासाचं असतं, मागे कॅमेरा असला तरी.

सरावासाठी दुचाकी नसलेला रस्ता उत्तम. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. सकाळी लवकर, डाव्या लेनमध्ये एकसारख्या वेगाने जात राहा आणि उजवीकडून ओव्हरटेक करणारी गाडी आधी मधल्या आरशात, मग उजव्या आरशात, मग खिडकीत कशी सरकते ते पाहा. मध्ये कुठे ती पूर्ण गायब होत असेल तर उजवा आरसा अजून थोडा बाहेर हवा. मात्र पुलावर असताना आरशाला हात लावू नका. खाली उतरून, गाडी नीट उभी करूनच तो बदला.

पुढच्या खांबामागे लपलेला माणूस

ब्लाइंड स्पॉट म्हटलं की सगळे मागेच पाहतात. नवी मुंबईत पुढचा, म्हणजे समोरच्या काचेच्या कडेचा खांब तितकाच घातक आहे, कारण इथे सेक्टरासेक्टरात सर्कल आहेत. तुम्ही सर्कलकडे येत असता, उजवीकडून स्कूटर येत असते, आणि दोघांचे वेग असे जुळतात की ती सतत खांबाच्या आडच राहते. तुम्हाला सर्कल रिकामं दिसत राहतं.

डोळे कितीही बारीक करून उपयोग नाही, डोकं हलवावं लागतं. सर्कलला येताना आधी पुढे झुकून खांबाच्या अलीकडे पाहा, मग मागे टेकून पलीकडे. वेगही एकसारखा ठेवू नका. येऊरच्या वळणांवर उजवीकडे वळताना हाच खांब वळणाच्या आतली बाजू झाकतो, आणि तिथे पहाटे फिरायला येणारे लोक रस्त्याच्या कडेने चालत असतात. खांबापलीकडचा डांबराचा तुकडा दिसेपर्यंत वेग वाढवू नका. पारसिक हिलवरही तसंच.

तुम्ही इतरांना दिसता का

नव्या मालकांनी सगळ्यात गंभीरपणे घ्यावी अशी ही गोष्ट. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर शेजारी उभा असेल तर त्याचा कंटेनर ठेवायचा पाट तुमच्या छपराच्या आसपास असतो. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला. त्याच्या डाव्या दाराशी चिकटून ठेंगणी गाडी असेल तर ती खिडकीतून दिसत नाही आणि आरशातही बहुधा येत नाही. बंपरच्या अगदी पुढे थांबलेली गाडीही त्याच्या काचेच्या कडेखाली जाते. डावीकडे लक्ष ठेवायला क्लीनर असेलच असं धरून चालू नका.

पाम बीच रोडवर मोकळं वाटतं, पण किल्ला जंक्शनला तो आम्र मार्गाला मिळतो आणि तिथून उरण-जेएनपीटीच्या कंटेनरची रहदारी सुरू होते. उरण फाटा, कळंबोली, शिळफाटा, रात्रीचा घोडबंदर रोड इथेही हेच. नियम सोपे आहेत. ट्रेलरच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही असं धरा. त्याच्या बाजूला रेंगाळू नका. एकतर मागे, त्याचे दोन्ही आरसे दिसतील इतकं अंतर ठेवून राहा, नाहीतर उजवीकडून एका दमात पुढे जा. डावीकडून कधीच नको. सिग्नलला त्याच्या पुढे थांबायची वेळ आली तर निदान एका गाडीचं अंतर सोडा. वळण घेणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला जागा दिसली तरी शिरू नका, मागची चाकं त्याच जागेतून येतात.

ढगाळ दिवशी आणि पावसात दिवे लावा. गडद रंगाची ठेंगणी गाडी ओल्या डांबरावर लांबून फार उशिरा ओळखू येते.

बॉनेट आणि पोडियमचा रॅम्प

घोडबंदर रोडच्या आणि खारघरच्या टॉवरमध्ये गाड्या पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगमध्ये, असतात. रॅम्प चढताना लांब नाकाच्या गाडीतून शेवटचे काही फूट फक्त भिंत आणि छत दिसतं, आणि वरच्या सपाट जागेत मुलं क्रिकेट खेळत असतात. चढ संपण्याआधी एकदा थांबा, वळणावरच्या गोल आरशात पाहा, छोटा हॉर्न द्या, मग चालण्याच्या वेगाने वर या. वॉचमनकाकांशी बोलून ठेवलंत तर ते शिट्टी देतात. हे बोलून ठेवाच.

तुमच्या बॉनेटपुढे किती जमीन लपते तेही मोजा. मित्राला बंपरला टेकवून बादली ठेवायला सांगा आणि ती तुम्हाला पूर्ण दिसेपर्यंत पुढे सरकवा. बादली ते बंपर हे अंतर लक्षात ठेवा. खाली वाकून चेंडू उचलणारं मूल त्याहून फार उंच नसतं.

आता खर्च

डाव्या आरशासाठी पाच सेंटिमीटर व्यासाचा चिकट गोल आरसा घ्या. ठाण्यात किंवा वाशीत ॲक्सेसरीजच्या दुकानात सहज मिळतो. तो मुख्य आरशाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावा, आधी कागदी टेपने तात्पुरता चिकटवून खडूच्या रेघा पुन्हा तपासा. कोन जमला की मगच कायमचा. त्यात वस्तू खूप लहान आणि लांब दिसतात, म्हणून त्यावरून अंतर ठरवू नका. "कुणी आहे की नाही" एवढंच त्याला विचारायचं.

मधल्या आरशावर बसणारा रुंद वक्र आरसा मोठ्या काचेच्या कूपेला उपयोगी पडतो. मागची काच लहान असेल तर त्यात गाडीच्या आतलं अस्तरच जास्त दिसतं, तिथे पैसे घालवू नका. त्यापेक्षा चांगला रिव्हर्स कॅमेरा घ्या.

ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारी यंत्रणा गाडीत आधीच असेल तर उत्तम. बहुतेक गाड्यांत तिचे रडार मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत असतात. उरण रोडच्या धुळीचा आणि चिखलाचा थर बसला की त्यांची ताकद कमी होते. बंपरला मार लागून वर जाड पुट्टी आणि रंग चढला असेल तर तेव्हाही. सेकंड हँड गाडी घेताना हे नक्की विचारा. आणि दिवा लागला नाही म्हणजे बाजू मोकळी आहे, असं मानू नका. दाराला घासून घुसणाऱ्या बाइकबाबत ही यंत्रणा उशीर करू शकते.

काचांवर गडद फिल्म नको. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे. आधीच खिडक्या लहान असलेल्या गाडीत रात्री त्याहून कमी प्रकाश म्हणजे बाजूची नजर वाया.

पाऊस

जून ते सप्टेंबर हिशेब बदलतो. साइड मिररवर थेंब बसले की मागच्या दिव्यांचे नुसते ठिपके होतात. मागच्या काचेच्या डिफॉगरबरोबर आरसे तापवायची सोय अनेक गाड्यांत असते, तुमच्या गाडीत आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा आणि निघतानाच चालू करा. नसेल तर दारात कोरडं मायक्रोफायबर फडकं ठेवा आणि गाडी थांबलेली असताना आरसा आणि त्याच्या समोरचा खिडकीचा भाग पुसा. एसी चालूच ठेवा, नाहीतर दोन माणसांच्या श्वासानेच एवढ्याशा केबिनच्या काचा धुरकट होतात. कापडी छपराच्या जुन्या गाडीत मागची खिडकी बऱ्याचदा प्लॅस्टिकची असते. ती पिवळी पडली असेल तर पावसाळ्याआधी बदलून घ्या.

उतरताना

दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं आणि बरंच बाहेर उघडतं. राम मारुती रोड किंवा गोखले रोडला कडेला थांबलात तर उजवं दार थेट दुचाक्यांच्या वाटेत येतं. आरशात पाहा, मग दार डाव्या हाताने उघडा. डावा हात उजवीकडे नेताना खांदा आणि मान आपोआप मागे वळतात, आणि येणारी स्कूटर दिसते. दार आधी चार बोटंच उघडा, क्षणभर थांबा, मग पूर्ण. शेजारी बसलेल्यालाही निघण्याआधीच सांगून ठेवा की त्याने दार उजव्या हाताने उघडायचं, कारण फुटपाथ आणि गाडी यांच्यामधल्या फटीतूनही बाइक येते.